चला म्हणणारा माणूस

दोन्ही तळहात गुडघ्यांवर आपटायचे, उठायचं आणि म्हणायचं, "चला." बस्स, एवढंच. पण हे दिनूने केलं की अख्खी खोली उठायची. सोसायटीची सभा पाण्याच्या टाकीपाशी येऊन अडकलेली असो, बारशाचे पाहुणे जेवून पंख्याखाली पसरलेले असोत, नाहीतर आजाऱ्याला बघायला आलेली मंडळी त्या आजाऱ्यालाच आपापली दुखणी सांगत बसलेली असोत. दिनूने "चला" म्हटलं की माणसं चपला शोधायला लागत. त्या म्हणण्यात घाई नसे, हुकूम नसे. आपल्याला मघापासून उठायचंच होतं, असं ज्याला त्याला वाटे. आमच्या कोपरच्या सोसायटीतली पोरं त्याला चलाकाका म्हणत. पुढे मोठी माणसंही तेच म्हणायला लागली आणि त्याचं आडनाव फक्त जिन्याखालच्या टपालपेटीवर उरलं.

मी त्याचा मित्र. आणि माझं असं आहे की मला कुठूनही निघता येत नाही. "निघतो हं" म्हटल्यावर मी उंबऱ्यात, एका पायात चप्पल घालून, नवे विषय काढतो. बायको तोवर खाली जाऊन रिक्षा थांबवते, रिक्षावाल्याला त्याचं गाव विचारते, त्याच्या मुलीच्या दहावीची चौकशी करते, तरी मी वरच असतो. नोकरीसुद्धा मला शोभेल अशीच मिळाली. ठाण्याला एका सरकारी कचेरीत खिडकीमागे बसून मी आयुष्यभर लोकांना एकच शब्द सांगितला, "थांबा." दिनूला हे कळल्यावर त्याने माझं नावच थांबा ठेवलं. "आमचे थांबा उतरले का रे?" असं तो खालून ओरडून विचारायचा, आणि मी अर्थातच उतरलेलो नसायचो.

आमची ओळखही त्याच पद्धतीने झाली. नौपाड्यातली भाड्याची जागा सोडून आम्ही कोपरला राहायला आलो तो दिवस. बाकी सगळं सामान वर गेलं होतं, खाली राहिलं होतं ते माझ्या आईचं शिसवी कपाट. ते जिन्याच्या वळणावर मावेल की नाही, यावर मी हमालांशी चर्चा करत होतो. आधी मोजावं, की आधी दारं काढावीत, की सरळ गॅलरीतून दोराने ओढावं? शेवटी मी टेप आणायला वर गेलो. टेप कुठल्या खोक्यात आहे हे आठवेना. बऱ्याच वेळाने ती घेऊन दाराबाहेर येतो तर कपाट माझ्यासमोर उभं, आणि त्याच्या मागून अनोळखी आवाज आला, "बाजूला व्हा साहेब. जिन्यात कुठे अडलं नाही, तुमच्यापाशीच अडलंय." तळमजल्यावर राहणारा, लुंगी आणि बनियनवर असलेला तो माणूस म्हणजे दिनू. हमालांना तो काय म्हणाला असेल ते सांगायची गरज नाही.

त्याची बायको, शैलावहिनी, आम्ही राहायला यायच्या आदल्या वर्षी गेली होती. मी तिला पाहिलं नाही. मुलगी मुक्ता तेव्हा पाचवीत होती. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात दिनू स्टोअर सांभाळायचा, आणि उरलेल्या वेळात मुक्ताला सांभाळायचा. तिचा डबा तोच करी. दिनू स्वयंपाक फार वाईट करायचा, हे मित्र असूनही सांगतो. दुधी असो, फ्लॉवर असो, तोंडली असोत, चव एकच. "आज खाऊन बघ, वेगळी झालीय," असं तो म्हणाला की मुक्ता घास घेऊन शांतपणे सांगायची, "वेगळी झालीय बाबा. कालच्यासारखीच वेगळी." मग दोघं हसत आणि ती भाजी संपवत. आमच्या घरून वाटी गेली की मात्र आधी ती संपे.

मुक्ताला कथक शिकायचं होतं. क्लास डोंबिवली पूर्वेला. कामावरून आला की दिनू तिला पूल ओलांडून तिकडे घेऊन जाई आणि क्लासच्या बाहेर पायरीवर बसे. बाईंचा क्लास वेळेवर सुटल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. मुलींच्या आया आत डोकावून घड्याळं दाखवत. साऱ्या जगाला उठवणारा हा माणूस मात्र पायरीवर ढिम्म बसून राही. एकदा मी त्याच्यासोबत गेलो आणि काही वेळाने मलाच, थांबण्यात हयात घालवलेल्या माणसाला, कंटाळा आला. म्हटलं, "अरे, आत जाऊन म्हण की चला." तो म्हणाला, "नाचतेय रे ती. मी कशाला मध्ये येऊ?" ऐकून ऐकून त्याला सगळे बोल पाठ झाले होते. कारखान्यात रंगाचे डबे रचताना तो ते पुटपुटे, आणि हाताखालची माणसं त्याला संकटनिवारणाचा मंत्र समजत.

पण दिनूची खरी आठवण व्हायची ती मयताच्या वेळी. आमच्या सोसायटीत, आणि पुढे आजूबाजूच्या दोन-चार सोसायट्यांतही, कोणी गेलं की पहिला फोन दिनूला. नातेवाइकांना नंतर. दिनू अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घालून हजर. आल्या आल्या कोणाच्या तरी घरून चहा मागवायचा आणि रडणाऱ्या माणसाच्या हातात कप द्यायचा. "घ्या. रडायलापण ताकद लागते." मग डॉक्टरांचा दाखला, शववाहिनी, स्मशानातली नोंद, फुलं, मडकं. मी कायम त्याच्याबरोबर असे. तिथे माझं काम नक्की काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा मी मडकं धरून उभा राहायचो. एकदा ते माझ्या हातून गेटपाशीच फुटलं. दिनूने शांतपणे दुसरं आणवलं, मला एका शब्दाने बोलला नाही. फक्त त्यानंतर तो कायम दोन मडकी आणायला लागला.

सगळी तयारी झाली की तो क्षण यायचा. गुरुजी घसा खाकरताहेत, शववाहिनीचा ड्रायव्हर दार उघडून उभा आहे, पण घरचं कोणीतरी पायांना धरून बसलंय आणि त्याला उठवायचा धीर कोणाला नाही. अशा वेळी सगळे दिनूकडे बघत. तो भिंतीला टेकून त्या घरच्या माणसाकडे पाहत असे. किती वेळ द्यायचा हे त्याला कसं कळायचं, देव जाणे. एखाद्या घरात तो लगेच बोले, एखाद्या घरात ड्रायव्हर कावला तरी गप्प राही. मग तो म्हणे, "चला." हा "चला" सभेतला नव्हता. आवाज खालचा, पण शेवटच्या माणसापर्यंत जाणारा. आणि पायांना धरलेले हात सुटत.

तोच दिनू मुक्ताच्या लग्नात गायब झाला. लग्न ठाण्याच्या एका हॉलमध्ये होतं, मुलगा बाळकुमचा. सगळं व्यवस्थित पार पडलं. पाठवणीची वेळ आली, गाडी दाराशी लागली, मुक्ता रडायला लागली, तिच्याबरोबर सगळ्या बायका रडायला लागल्या, आणि कोणीच हलेना. सगळे चलाकाकांना शोधत होते. मला तो मागे, मुदपाकखान्यात सापडला. आचाऱ्याला विचारत होता, "गाडीचा ड्रायव्हर जेवला का?"

"अरे, सगळे खोळंबलेत. चला म्हण की."

"तू म्हण."

"मी?"

मी बाहेर आलो. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी घसा साफ केला आणि फोटोग्राफरला विचारलं, "अजून एखादा काढायचाय का?" त्याने उत्साहाने सगळ्यांना पुन्हा उभं केलं. शेवटी मुलाच्या मावशीने मुक्ताला गाडीत बसवून दार लावून घेतलं, म्हणून ती पोरगी सासरी पोचली.

परत येताना मी आणि दिनू टेम्पोत पुढे, ड्रायव्हरशेजारी. मागे हॉलमधून आणलेली भांडी, माझ्या मांडीवर उरलेल्या लाडवांचं खोकं. तो समोरचा रस्ता बघत होता. मग आपणहून बोलायला लागला.

"शैला गेली ना, तेव्हा सगळे नुसते उभे होते. कोणी बोलेना. मुक्ता आईच्या पदराला धरून बसलेली. गुरुजी माझ्याकडे बघतायत, माझा भाऊ माझ्याकडे बघतोय. मग मीच म्हणालो, चला. पोरीने माझ्याकडे कसं बघितलेलं माहितीये तुला? मीच तिच्या आईला घालवतोय, असं."

मी मांडीवरचं खोकं सरळ केलं.

"घरच्या माणसाने ते म्हणायचं नसतं रे. घरच्याने धरून ठेवायचं. सोडवायला बाहेरचा माणूस हवा. तेव्हा कोणी नव्हता. म्हणून मी जातो सगळीकडे."

इतकी वर्षं मी मडकं धरून त्याच्या शेजारी उभा होतो, पण हे मला माहीत नव्हतं. मला भरून आलं. मी त्याला लाडू घेतोस का विचारलं. त्याने घेतला. ठाण्याच्या खाडीवरून जाताना आम्ही दोघांनी मुकाट्याने लाडू खाल्ले.

मुक्ता बाळकुमला गेली तरी ती जवळच होती आणि दिनू तिच्याकडे पुन्हा पुन्हा जायचा. जाताना भाजीचा डबा न्यायचा. "हिला सासरी चांगलं खायला मिळतं, सवय मोडायला नको," असं म्हणायचा. मग त्याच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, गोळ्या आल्या, आणि डॉक्टरांनी मुक्ताला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय फार थकलंय, शस्त्रक्रिया झेपणार नाही. दिनूने हे दाराआडून ऐकलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "चला." दोघं घरी आली.

त्यानंतर संध्याकाळी आम्ही सोसायटीच्या आवारातल्या बाकावर बसायचो. एकदा तिथे तो म्हणाला, "माझ्या वेळी तू म्हणायचंस."

"काय?"

"काय काय? चला म्हणायचं. दुसरं काही मागत नाही मी तुझ्याकडे. दाखला, गाडी, ते सगळं होईल कसंही. पण मुक्तावर ते म्हणायची पाळी आणू नकोस. एकदा तिने बापाला म्हणताना ऐकलंय, तेवढं पुरे."

मी म्हटलं, "कशावरून मीच आधी जाणार नाही?"

"तू?" दिनू हसला. "तुला निघायला वेळ लागेल."

मी कबूल झालो. पण माझ्या कबुलीवर त्याचा भरवसा नव्हता, आणि तो योग्यच होता. त्याने माझी तालीम घ्यायला सुरुवात केली.

"म्हण."

"चला?"

"रिक्षावाल्याला विचारतोयस का? स्टेशनला येणार का म्हणून? पुन्हा म्हण."

"चला."

"हे स्वतःशी झालं."

"चला!"

"ओरडू नकोस रे, माझ्या मयताला लोक घाबरतील. पोटातून म्हण. पोटातून."

मी पोट आत घेतलं, बाहेर काढलं, डोळे मिटले आणि म्हणालो. डोळे उघडले तेव्हा गेटवरचा वॉचमन आपली खुर्ची आवरत होता. त्याला वाटलं, ड्यूटी संपली. दिनू हसून हसून खोकायला लागला आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसलो. ही तालीम पुढे कितीतरी संध्याकाळी चालली. मी सुधारलो नाही. पण त्या संध्याकाळी आम्ही जितके हसलो तितके त्याआधी हसलो नव्हतो. मरणाची तयारी करतोय हे मी तरी विसरून जायचो.

तो गेला तेव्हा मुक्ता त्याच्याकडेच राहायला आली होती. सकाळी त्याने चहा घेतला, पेपर वाचला आणि जरा पडतो म्हणाला. थोड्या वेळाने तिने मला फोन केला, "काका, खाली या ना." तिचा आवाज ऐकून मी तसाच उतरलो. आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही पायांत चप्पल न घालता घराबाहेर पडलो. डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि मान हलवली. शेजारपाजारचे जमायला लागले. कोणीतरी मला विचारलं, "काका, आता काय करायचं?"

मयत झालं की काय करायचं ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. मी खिशातून मोबाइल काढला आणि पहिला फोन लावला.

आतल्या खोलीत, दिनूच्या उशाशी, फोन वाजायला लागला.

मला आपण काय केलंय ते कळलं, पण फोन बंद करायचं सुचेना. मुक्ता आत गेली, वाजणारा फोन घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर धरला. त्यावर माझं नाव उमटलं होतं, त्याने साठवून ठेवलेलं: थांबा. ते वाचून मुक्ताला हसू फुटलं. मलाही फुटलं. मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून रडायला लागलो. मध्ये तो फोन वाजतच होता. शेवटी बायकोने माझ्या हातातला मोबाइल काढून घेऊन बंद केला.

पुढचं सगळं मी केलं, आणि मी करावं तसंच ते झालं. शववाहिनीला मी मागच्या बंद गेटचा पत्ता सांगितला. स्मशानातल्या नोंदीसाठी दिनूऐवजी माझंच आधार कार्ड देऊन बसलो. माझी नोंद होता होता राहिली. मुक्तासाठी स्वतःच्या हाताने चहा केला, "घे, रडायलापण ताकद लागते" म्हणून कप तिच्या हातात दिला, आणि तिने एक घोट घेतल्यावर कळलं की साखर घातलेली नाही. तिने तो तसाच संपवला. म्हणाली, "वेगळा झालाय, काका." मडकी मात्र मी न चुकता दोन आणली होती.

दुपार व्हायच्या आत पेणहून त्याचा भाऊ आला आणि दिनूला आवारात आणून ठेवलं. हार घालून झाले. मुक्ता त्याच्या पायांशी बसली, दोन्ही पावलं धरून. सगळी तयारी झाली. आणि कोणी हललं नाही.

गुरुजींनी विचारलं, "कोणाची वाट बघताय?" मी आजूबाजूला पाहिलं. सगळे तळमजल्यावरच्या त्या उघड्या दाराकडे बघत होते. मीसुद्धा तिकडेच बघत होतो. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घालून दिनू आता बाहेर येईल आणि काय ते बघेल, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

तेवढ्यात शववाहिनीच्या ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मी गरकन वळलो आणि म्हणालो, "थांबा!"

शब्द खणखणीत आला. पोटातून. ज्या आवाजासाठी दिनूने माझ्यामागे इतका घसा कोरडा केला, अगदी तोच आवाज. ड्रायव्हरने निमूट गाडी बंद केली. मुक्ताने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि बापाचे पाय आणखी घट्ट धरले. मी तिला तेवढा वेळ मिळवून दिला होता, ठरवून नाही, सवयीने. पण मिळाला.

मग मी दिनू उभा राहायचा तसा भिंतीला टेकून उभा राहिलो. किती वेळ द्यायचा हे मला कळत नव्हतं. ऊन चढत होतं. दिनूच्या भावाने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग मुक्ताकडे. तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर मुक्तालाच स्वतःहून उठावं लागलं असतं, आणि "चला" तिनेच म्हटलं असतं. तिच्या चेहऱ्यावर ते दिसायला लागलं होतं. मी घाबरलो आणि म्हणालो, "चला."

कोणालाच ऐकू गेलं नाही. मलासुद्धा धड गेलं नाही. वॉचमन मात्र उठून उभा राहिला.

मी डोळे मिटले, पोट आत घेतलं, आणि पुन्हा म्हणालो. मधेच आवाज फाटला, पण शब्द पूर्ण निघाला. डोळे उघडले तेव्हा मुक्ताने पावलांवर डोकं टेकवलं होतं. मग तिने हात सोडले. माणसं वाकली, दिनूला उचललं, आणि सगळे गेटच्या दिशेने निघाले.

सगळे, म्हणजे मी सोडून. मी मागच्या बाकावर बसलो होतो. आमच्याच बाकावर. कधी बसलो ते कळलं नाही, पण पाय उठत नव्हते. दिनू गेटमधून बाहेर जाताना दिसत होता, त्याच्यामागे जायला हवं हे कळत होतं, आणि माझ्या मनात एकच होतं की हे सगळे जरा थांबले तर बरं होईल.

गेटपाशी मुक्ता वळली. तिने मला पाहिलं, लोकांमधून वाट काढत परत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. डोळे पुसले. हात पुढे केला.

"चला, काका."

आवाज खालचा, घाई नाही, हुकूम नाही. तिच्यावर ते म्हणायची पाळी आणायची नाही, एवढंच त्याने माझ्याकडे मागितलं होतं. मी तिचा हात धरला आणि उठलो. ताबडतोब, एकही नवा विषय न काढता.